काळी एकचा करार: मुंबईतल्या एका मंडळीच्या एकत्र उपासनेचं प्रकरण

भायखळा-परळ पट्ट्यातली ही एक जुनी प्रोटेस्टंट मंडळी. नाव देत नाही, कारण प्रकरणातली सगळी माणसं अजून दर रविवारी एकमेकांना भेटतात. चर्चची इमारत एक, पण रविवारी तिच्यात तीन उपासना व्हायच्या: सकाळी मराठी, नंतर इंग्रजी आणि संध्याकाळी ईशान्य भारतातून नोकरीसाठी आलेल्या तरुणांची सभा. तिन्ही गटांची गाठ पडायची ती फाटकाशी, गाड्या लावण्याच्या कुरबुरीत.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये छपराचे वासे सडलेले निघाले आणि चर्च बंद करावं लागलं. शेजारच्या शाळेनं हॉल देऊ केला, पण रविवारी सकाळचे दोनच तास. पास्टरेट कमिटीनं, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीनं, ठराव केला की दुरुस्ती होईपर्यंत तिन्ही उपासना एकत्र घ्यायच्या. उपदेश कुणी करायचा, प्रभुभोजन कधी, दानाची वाटणी कशी, सगळं ठरावात होतं. गाण्यांबद्दल एक ओळ नव्हती. पुढचे काही महिने मंडळी भांडली ती जवळजवळ फक्त गाण्यांवरून. मला सरावाला बोलावलं ते तबला वाजवतो म्हणून, आणि तिघांपैकी कुठल्याच गटाचा नाही म्हणून.

कोण काय घेऊन आलं

मराठी उपासनेला येणारी कुटुंबं मूळची नगर, जालना, सोलापूरकडची. आजोबा-पणजोबा गिरणीत लागले, नातवंडं आता कल्याण-बदलापूरला राहतात आणि रविवारी लोकलनं येतात. मेगाब्लॉक असला की अर्धं गायनमंडळ दुसऱ्या गीताला पोचतं. त्यांच्याकडे ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक आहे, पेटी-तबला-झांज आहे आणि पाठीशी मोठा वारसा आहे. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. मिशनऱ्यांनी आपल्याकडच्या चाली आणल्या, त्यांवर मराठी शब्द बसवले गेले. १८६०च्या दशकात अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पुढे नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तो मुंबईतच. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. त्यांनी मागे ठेवलेली भजनं मराठी मंडळ्या अजून गातात. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापलं गेलं होतं. तेव्हा ‘आपल्या मातीतली उपासना’ म्हणजे काय, हे मराठी ख्रिस्ती माणसाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

इंग्रजी उपासनेत मल्याळी, तमिळ, मंगळुरी, थोडे गोंयकार. त्यांच्यातही दोन तट: चार आवाजांत जुनी स्तोत्रगीतं गाणारे ज्येष्ठ, आणि गिटार-ड्रम-कीबोर्ड घेऊन परदेशी वर्शिप बँडची गाणी वाजवणारी मुलं.

तिसरा गट बहुतेक मिझो आणि नागा मुलींचा. कुणी आसपासच्या रुग्णालयांत नर्स, कुणी कॉल सेंटरमध्ये. बाकीचे दोन गट त्यांना ‘पाहुणे’ धरून चालले होते. प्रत्यक्षात हॉलमधलं सगळ्यात तयार गाणं त्यांचंच होतं. वाद्य नसलं तरी चार सुरांत धरायच्या, आणि कुणी इकडेतिकडे बघायचं नाही.

सगळ्यांना थोडं थोडं

पहिली योजना मंडळीतल्या एका तरुणाची. नुकताच बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) करून आलेला, हुशार, मनापासून झटणारा. लुथरन वर्ल्ड फेडरेशननं १९९६ मध्ये नैरोबीत उपासना आणि संस्कृती यांवर एक निवेदन काढलं होतं, ते त्यानं कमिटीपुढे मांडलं. निवेदनाचा गाभा चार गोष्टींचा: उपासनेत सर्व संस्कृतींना सामायिक असं काही असतं, काही त्या त्या मातीतलं असतं, काही आपल्याच संस्कृतीला विरोध करणारं असतं आणि काही एका संस्कृतीनं दुसरीकडून घेतलेलं असतं. मांडणी चांगली आहे, आजही कामाला येते. पण कमिटीनं त्यातून घेतलं एवढंच, की सगळ्यांचं थोडं थोडं हवं. मग एकाच गीतात पहिलं कडवं मराठी, कोरस इंग्रजी, मधला भाग हिंदी आणि शेवटी पुन्हा मराठी, असं ठरलं.

तीन-चार रविवार हे चाललं. प्रत्येकाची भाषा आली आणि गायलं कुणीच नाही. मराठी आज्या आपलं कडवं सुरू झालं की तोंड उघडायच्या, कुठे सूर सापडतोय तोवर कडवं संपायचं. इंग्रजीवाली मुलं मराठी कडव्याला मोबाइल बघायची. मिझो मुलींना हिंदी ओळ ‘आपली’ म्हणून दिली होती, आणि हिंदी त्यांच्यापैकी कुणाचीच घरची भाषा नव्हती! चौथ्या रविवारी पेटीवाले आजोबा उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना म्हणाले, “सलाम साहेब. पुढच्या आठवड्यापासून मी मागच्या बाकावर बसेन. पेटी इथेच ठेवतो, कुणाला लागली तर घ्या.” कमिटी हलली ती या वाक्यानं.

बिघाड कुठे होता

भाषेचा वाटा जेवढा वाटत होता तेवढा नव्हता. दोन-तीन सराव शेजारी बसून ऐकले तेव्हा चार अगदी साध्या गोष्टी निघाल्या.

पहिली पट्टीची, म्हणजे गाण्याचा सा कुठल्या सुरावर धरायचा याची. बँडची मुलं गाणी जशी रेकॉर्डवर ऐकतात त्याच पट्टीत वाजवायची. रेकॉर्डवरचा गायक उंच गळ्याचा असतो, आणि कोरस दुसऱ्यांदा येताना सप्तक चढवून गायची त्या गाण्यांत पद्धतच आहे. स्टेजवर ते शोभतं. पण पन्नाशीच्या पुरुषाचा गळा आरामात चालतो तो सव्वा सप्तकभर, त्याला तिथे गप्प बसण्यावाचून गत्यंतर नसतं. तो गप्प बसला की बँडला वाटायचं, याला गाणं आवडलेलं नाही.

दुसरी गाण्याच्या घाटाची. भजनात सांगणारा ओळ सांगतो, बाकीचे ती उचलतात. ध्रुवपदाकडे किती वेळा यायचं, दुगुन (दुप्पट लय) कधी करायची, हे त्याच्या कानावर आणि समोरच्या लोकांच्या चेहऱ्यावर ठरतं. इंग्रजी गाण्याचा आराखडा आधी पक्का असतो आणि सगळे एकदम गातात. आता यात प्रोजेक्टर घाला. लॅपटॉपवर बसलेला मुलगा नववीतला. आजोबांनी ओळ तिसऱ्यांदा घोळवली की हा पुढच्या स्लाइडवर, मग घाईनं मागे, मग पुन्हा पुढे. पडद्याकडे बघून गाणारे गोंधळायचे, आजोबांकडे बघून गाणारे बरोबर असायचे, आणि हॉलमध्ये दोन गाणी एकदम चालायची. बिचाऱ्या पोराला दर रविवारी दोन्हीकडून बोलणी!

तिसरी, पेटी कीबोर्डपेक्षा किंचित चढी होती. जुन्या पेट्यांचं असं होतंच. फरक इतका बारीक की कुणाला नेमका सांगता येत नव्हता, पण दोन्ही एकदम वाजली की गाणं आंबल्यासारखं लागायचं आणि दोष एकमेकांच्या ‘शैली’वर जायचा.

चौथी माझ्या हातातली. तबला एका सुरात लावलेला असतो. हातोडीनं सूर-दोन सूर इकडे तिकडे करता येतो, पण प्रत्येक गाण्याला नवी पट्टी काढली तर तबलजीनं उपासनेत काय, ठोकाठोकी करत बसायचं?

करार

तोडगा निघाला तो एका बुधवारच्या सरावात, आणि त्यात विद्वत्तेचा भाग फारसा नव्हता. तबला काळी एकला (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी, इंग्रजीत ‘सी शार्प’) लावायचा आणि त्या रविवारची सगळी गाणी अशा पट्ट्यांत बसवायची की हा सूर त्या पट्टीचा षड्ज, पंचम किंवा मध्यम असेल. म्हणजे गाणं काळी एकमध्ये चालतं, काळी तीनमध्ये चालतं (तिचा पंचम काळी एक) आणि काळी चारमध्ये चालतं (तिचा मध्यम काळी एक). गिटारवाल्याला आधी हे ऐकून घाम फुटला, कारण या पट्ट्या गिटारवर अडचणीच्या. मग त्यानंच हिशेब केला: पहिल्या घरात कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून ‘सी’चे आकार धरले की काळी एक, दुसऱ्या घरात कॅपो आणि ‘ई’चे आकार की काळी तीन, पहिल्या घरात कॅपो आणि ‘जी’चे आकार की काळी चार. पेटी ट्यून करून आणेपर्यंत कीबोर्डच पेटीच्या सुराशी बारीक जुळवून घेतला. ते बटण त्याच्यावर पहिल्यापासून होतं, कुणी दाबून पाहिलं नव्हतं.

पट्टी सुटली तसा खरा मुद्दाही सुटला, निदान माझ्या मते तोच खरा. एका गीताचे तुकडे करायचे नाहीत. गीत पूर्ण, एकाच भाषेत, आणि ज्यांचं ते गीत त्यांच्याच माणसानं चालवायचं. पट्टी, चाल, किती आवर्तनं, कुठे थांबायचं, हे त्याच्या हातात. बाकीचे त्या वेळी साथीला. ज्यांना भाषा येत नाही त्यांच्यासाठी ध्रुवपदाची एकच ओळ, ती आदल्या रविवारी चहाच्या वेळी शिकवून ठेवायची. मराठी भजनाला पडदा बंद, लाकडी फळ्यावर फक्त गीताचा क्रमांक. नववीतल्या पोराची सुटका झाली.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण पहिल्या योजनेत प्रत्येक गट प्रत्येक क्षणी अर्धा मालक होता आणि पाहुणा कुणीच नव्हता. आता पंचवीस मिनिटांच्या गायनात प्रत्येकाला आठेक मिनिटं यजमानपद आणि उरलेला वेळ पाहुणचार घ्यायचा. पाहुणा होणं मराठी आणि इंग्रजी दोन्ही गटांना जड गेलं. इमारत आपली, अशी दोघांचीही समजूत. मिझो मुलींना ते सवयीचं होतं. त्यांना जड गेलं ते पुढे उभं राहणं.

आजोबा मागच्या बाकावरून परत आले. मेगाब्लॉकचाही विचार झाला: पहिलं गीत इंग्रजी गटाचं ठेवलं, ते जवळ राहतात. मराठी भजन उपदेशाच्या आधी.

सा रे ग आणि दो रे मी

एक गोष्ट कुणाच्याच योजनेत नव्हती. मिझो मुलींच्या वहीत गाणी होती ती पाच रेघांच्या स्वरलिपीत नव्हे, तर नुसत्या रोमन अक्षरांत, मध्ये उभ्या रेघा आणि टिंबं. ही टॉनिक सोल-फा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेननं तिचा प्रसार केला, वेल्श मिशनऱ्यांनी ती मिझो टेकड्यांत नेली, आणि तिथे ती घराघरांत मुरली. तिच्यातला ‘दो’ सरकता आहे. म्हणजे गाणं कुठल्याही पट्टीत घ्या, आधारसूर तो ‘दो’. आपला सा तरी दुसरं काय आहे?

आजोबांना हे कळायला दोन मिनिटं लागली. त्यांनी नर्स मुलीची वही घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि पेटीवर एक सबंध मिझो गीत वाचून वाजवलं. ती मुलगी बघतच राहिली. बँडमधला कीबोर्डवाला, ज्याला स्टाफ नोटेशनच्या परीक्षा पास झाल्याचा थोडा अभिमान आहे, त्याला मात्र ती वही वाचता येईना. मग आजोबांनी त्याला शिकवलं. “बाळा, ‘दो’ला सा म्हण, बाकी आपोआप येतं.”

उलट दिशेनं अडचण आली भैरवीतल्या एका भजनाची. गिटारवाला सवयीनं पाचव्या सुराचा कॉर्ड (एकदम वाजवायचा सुरांचा गुच्छ) धरायचा, त्यात शुद्ध निषाद येतो. इकडे आजी कोमल निषादावर विसावलेल्या. दोन्ही एकदम वाजले की दात शिवशिवायचे. तोडगा काढला इंग्रजी उपासनेतल्या एका गोंयकार अंकलनी. त्यांचे वडील हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. गोव्याच्या चर्चच्या शाळांत सोल्फा आणि व्हायोलिन शिकून मुंबईच्या स्टुडिओंत आलेल्या वादकांची ती पिढी: अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांची. रागावर बांधलेल्या चालीला पाश्चात्त्य साथ कशी द्यायची, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोजच असे. अंकल म्हणाले, “अरे बाबा, भरगच्च कॉर्ड कशाला? सा-प धर आणि ती श्वास घेते तिथे तुझी एक बारीक लाइन टाक.” मुलानं तसं केलं. चर्चमधून शिकून सिनेमात गेलेली विद्या सिनेमातून चर्चमध्ये परत आली म्हणायची.

‘आपलं’ वाद्य कुठलं, यावर सरावात बरीच ऊर्जा खर्ची पडली, म्हणून एक जाता जाता. ज्या पेटीसाठी मराठी गट भांडत होता ती मुळात युरोपातून आलेली. १९४० ते १९७१ ती आकाशवाणीवर बंद होती, आपल्या संगीताला मानवत नाही म्हणून. आणि ज्या ढोलाशिवाय मिझो उपासना आज डोळ्यांपुढे येत नाही, तो सुरुवातीच्या मिझो ख्रिस्ती लोकांनी जुन्या धर्माचा म्हणून बाजूला ठेवला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या जागृतीच्या लाटांबरोबर तो आत आला. वाद्यांचा स्वीकार आणि नकार, दोन्ही बदलत असतात.

हलगी

हे सगळं हलगीपाशी येऊन अडकलं.

उपकारस्तुतीच्या रविवारी हलगी वाजवावी, असं त्या बी.डी. झालेल्या तरुणानं सुचवलं. त्याचा युक्तिवाद कच्चा नव्हता. भारतीय ख्रिस्ती उपासनेचं ‘भारतीयीकरण’ म्हणजे बहुतेक वेळा शास्त्रीय राग, संस्कृतप्रचुर शब्द, समई आणि ओवाळणं. मंडळीत बहुसंख्य असलेल्या माणसांच्या गावकुसाबाहेरच्या संगीताला त्यात जागा नसते. तमिळनाडूत थिओफिलस अप्पावू यांनी पराई हे दलितांचं वाद्य आणि लोकगीतांच्या चाली थेट उपासनेत आणल्या होत्या. मग आपण हलगी का नाही? इंग्रजी गटाला कल्पना फार आवडली. लोकवाद्य, जोरदार ताल, व्हिडिओत छान दिसेल.

मराठी गटातल्या एक आजी उठल्या. पंच्याहत्तरीच्या, एरवी कमिटीत न बोलणाऱ्या. “माझ्या बापानं ती हलगी वेशीत ठिवली आन् मला मिशनच्या शाळेत घातलं. लगीन दुसऱ्याचं, मयत दुसऱ्याचं, वाजवायचं आम्ही, आन् बसायचं उकिरड्यापाशी. तुला ती देवाच्या घरात पाहिजे व्हय रे?”

तरुणही त्याच समाजातला, त्यांच्याच नात्यातला. तो म्हणाला, “आजी, त्यांनी आपल्याकडून जबरदस्तीनं वाजवून घेतली म्हणून वाद्य त्यांचं होत नाही. मी माझ्या मर्जीनं वाजवणार आहे.”

मला विचाराल तर दोघांचंही खरं होतं. एकाच वाद्यात आजींना वेठ ऐकू येते आणि नातवाला हक्क. ज्यांना ते नुसतं ‘एथनिक’ वाटत होतं, त्यांनी त्या चर्चेत गप्प बसणं योग्य होतं, आणि पाळकसाहेबांनी त्यांना तसं गप्प बसवलंही. निर्णय असा झाला: एकत्र उपासनेत हलगी नाही. तरुण संघाच्या शनिवारच्या सभेत ज्यांना वाजवायची त्यांनी वाजवावी. आजींनी तिथे यावं अशी विनंती कुणी करायची नाही.

नियम असा लिहून ठेवला गेला की एखादं वाद्य वा चाल कुणाच्या जखमेशी जोडलेली असेल, तर तिच्यावर पहिला आवाज त्या माणसाचा; ती सुंदर आहे की नाही हा प्रश्न नंतर. तरुणाला हा नियम पूर्ण पटलेला नाही. जखम जपता जपता आपण लाजही जपतो, असं त्याचं म्हणणं आहे. वाद संपलेला नाही.

परवानगीचा भाग

दूर राहणाऱ्यांसाठी उपासना ऑनलाइन दाखवली जात होती. बँडच्या मुलांनी दोन परदेशी गाण्यांचं मराठी रूपांतर करून त्याचा वेगळा व्हिडिओ चढवला आणि हक्काच्या दाव्यामुळे तो उतरवावा लागला. मंडळीत समज असा की देवाच्या गाण्याला कसला हक्क. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं सादर करायला सूट आहे. पण भाषांतर करून ते छापणं किंवा प्रसिद्ध करणं, रेकॉर्डिंग करून ते पसरवणं, हे वेगळं. त्याला मालकाची परवानगी लागते. टिळक १९१९ मध्ये वारले, कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे त्यांचे शब्द कधीच मोकळे झालेत. चाल नंतरच्या कुणी बांधली असेल तर तिचा हिशेब निराळा. आता रूपांतर करण्याआधी पत्र पाठवतात आणि थेट प्रक्षेपणात शक्यतो जुनी गीतं घेतात. गंमत म्हणजे त्यामुळे ‘उपासना संगीत’मधली कित्येक विसरलेली गीतं इंग्रजी गटातल्या मुलांच्या तोंडी बसली.

आता

छपराचं काम झालं, तिन्ही उपासना आपापल्या वेळी परत गेल्या. काहींना एकत्रच राहायचं होतं, बहुतेकांना नव्हतं, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. आपल्या भाषेत, आपल्या गतीनं गाण्याची एक जागा माणसाला लागतेच. महिन्याचा पहिला रविवार मात्र एकत्र ठेवला आहे, काळी एकच्या करारासकट. आजोबांकडे दर गुरुवारी कीबोर्डवाला आणि दोन नर्स मुली शिकायला जातात.

पुढचा पेच तयार आहे. शेजारच्या एका तमिळ मंडळीनं पहिल्या रविवारी सामील व्हायची इच्छा कळवली आहे. त्यांची कीर्तनं कर्नाटक रागांत बांधलेली, तंजावरच्या वेदनायगम शास्त्रियारांच्या परंपरेतली, साथीला मृदंग. त्यांच्या गायिका पांढरी पाचमध्ये गातात आणि पट्टी बदलायला तयार नाहीत. काळी एक पांढरी पाचच्या कुठल्याच नात्यात बसत नाही. गायन कमिटीची बैठक येत्या बुधवारी आहे, आणि मला दोन तबले घेऊन यायला सांगितलंय.